हलकी डिस्क

शेषरावभाऊंनी सांगितलेलं काम अगदी साधं होतं. खामगावच्या बाजारात जायचं आणि त्यांच्या कापसाच्या जिनिंगमधल्या कॉम्प्युटरसाठी एक मोठी हार्ड डिस्क घेऊन यायची. शेंगदाणे आणायला सांगावं तितकं साधं. पण सांगताना भाऊंनी आपली खुर्ची अश्वजितच्या खुर्चीजवळ ओढली होती. जिनिंगचे मालक खुर्ची जवळ ओढतात तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं, हे तिथल्या हमालांनासुद्धा ठाऊक होतं.

"या बारीनं तूच निवड," भाऊ म्हणाले. "तुह्या पसंतीनं आन, तुह्या हातानं बसव. अन् हे बी गेली, तं मंग मले दुसरं काही सुचनार नाई, अश्वजित. गोपालले मी घरी बसवलं. तुले ठाण्यात बसवीन."

आवाज चढला नव्हता, शिवीही नव्हती. शिवी आली असती तर अश्वजितला बरं वाटलं असतं, कारण शिवी दिली की भाऊंचा राग उतरायचा. हा राग उतरायच्या बेतात दिसत नव्हता. अश्वजित "हाव भाऊ" म्हणाला, मेलेली डिस्क कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि मोटरसायकलला किक मारली. किक दोनदा चुकली.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटर वर्षानुवर्षं भाऊंच्या घरी लाकडी टेबलावर सुखाने नांदत होता. यंदा कापसाचा हंगाम सुरू होताना भाऊंनी तो जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या खोलीत आणला, म्हणजे कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन तिथल्या तिथे मशीनमध्ये जाईल आणि आवारातल्या चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्यातच राहील. त्यासाठी नवी डिस्कही घातली. आठवडा गेला असेल नसेल, आतून घरघर यायला लागली, आणि एके सकाळी पडदा काळाच राहिला. तोवर झालेली सगळी वजनं गेली. दुसरी डिस्क आणली. तिचीही तीच घरघर आणि तीच गत. शेवटी शेतकऱ्यांच्या खिशात काट्याच्या ज्या पावत्या होत्या, त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागला. आणि भाऊंना डोळे मिटायची मुळीच सवय नव्हती.

त्यांचं गणित सरळ होतं. दोनदा अपघात होत नसतो. कोणीतरी वजनात हात मारतो आणि पकडलं जाऊ नये म्हणून मशीन मारतो. त्या खोलीत बसणारे दोघंच, गोपाल आणि अश्वजित. गोपाल मोठा, अश्वजितला काट्याचं सगळं काम त्यानेच शिकवलेलं. कामाला चोख, पण गाड्या नसल्या की कॉम्प्युटरवर सिनेमे पाहायचा. तेवढं पुरलं. दुसरी डिस्क गेली त्या दिवशी भाऊंनी त्याच्याकडून खोलीची चावी मागून घेतली. त्यानंतर तो आजूबाजूच्या दोन-तीन जिनिंगांत काम मागून आला. सगळीकडे चहा मिळाला, काम नाही मिळालं. रेकॉर्ड उडवणारा माणूस काट्यावर कोण बसवेल?

म्हणजे आता संशय घ्यायला एकटा अश्वजित उरला होता.

त्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याच्या मनात काट्यासारखी रुतून बसली होती. भाऊंच्या जिनिंगमध्ये वडिलांच्या काळापासून एक रीत आहे. कुठल्याही मशीनमध्ये नवी वस्तू बसवली, मग तो पट्टा असो की बेअरिंग, की त्या मशीनची पूजा होते आणि तिच्याच लोखंडी अंगावर नारळ फुटतो. तोही मशीन चालू असताना. बंद मशीनची पूजा भाऊंना मान्य नव्हती; ती कशाला ऐकेल, असं ते म्हणायचे. ओतीव लोखंडाच्या त्या धुडांना नारळाचं काय! पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचीही पूजा ओघानेच आली. घरी होता तोवर ती देवघरासमोर व्हायची आणि नारळ तिथल्या फरशीवर फुटायचा. काट्यावर आल्यापासून तो जुन्या वजनकाट्याच्या लोखंडी स्टँडवर ठेवला होता. डब्याचा पत्रा पातळ, पोचा येईल म्हणून भाऊ काळजीने नारळ त्या स्टँडच्या कडेवर फोडायचे.

अश्वजितच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पूजाअर्चा त्याच्या आजोबांनीच सोडलेली. म्हणून पूजेच्या वेळी तो गुपचूप दाराबाहेर जाऊन उभा राहायचा, आणि नंतर गोपालने हातावर ठेवलेला खोबऱ्याचा तुकडा खोबरं म्हणून खायचा. इतक्या वर्षांत कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण गोपालला घालवल्यावर भाऊंनी एकदा सहज विचारलं, "पूजेच्या वक्ताले तू बाहेर काऊन जातं बे?"

"आमच्यात नाई न, भाऊ."

"ते मालूम हाये मले," भाऊ म्हणाले, आणि बघत राहिले. ती नजर घेऊनच अश्वजित आज खामगावच्या बाजारात उतरला होता.

कॉम्प्युटरचं दुकान रुपालीचं. नवरा बाहेरची कामं करायचा, काउंटर आणि पाना-स्क्रू हिच्याकडे. तिने अश्वजितची पिशवी उघडली, मेलेली डिस्क कानाशी हलवली आणि तोंड वाकडं केलं. मग इवल्याशा स्क्रू-ड्रायव्हरने तिचं झाकण काढून ती दिव्याखाली धरली. आतली चकती आरशासारखी लखलखत होती आणि तिच्यावर एक गोल ओरखडा उमटला होता.

"बाप्पा! याले तं मार बसला हाये, दादा."

"मार?" अश्वजितचा आवाज चिरकला. "कोनी मुद्दाम…?"

"मुद्दाम का कसं ते मले नाई सांगता येनार. पाहा, चालू असली की हे चकती फिरते अन् हे सुई तिच्यावर तरंगते. मधात केसाएवढी बी जागा नसते. बंद असली की सुई बाजूले जाऊन बसते, मंग थोडंफार आपटलं तरी निभते. पन चालू असताना झटका बसला, की सुई चकतीवर आदळते. त्या दिवशी काही समजत नाई. मंग खरवडत जाते, घरघर करते, अन् संपते." तिने मान वर केली. "कोनी आपटते का तिथी काही?"

"नाई," अश्वजित म्हणाला. आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

रुपालीने विकायच्या डिस्का समोर मांडल्या. ही साधी, ही कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेली, ही स्वस्तातली पण कोणाची तरी वापरलेली, घेऊ नका. एक तिने तिथल्याच मशीनला जोडून काउंटरवर चालू करून दाखवली. अश्वजितने त्या काळ्या डब्यावर बोट ठेवलं. आत काहीतरी सुळसुळत फिरत होतं. हिच्यावर आपली नोकरी, आपली अब्रू, आणि कदाचित ठाण्यातला बाकसुद्धा. त्याने बोट काढून घेतलं.

तेवढ्यात एक म्हातारेसे गृहस्थ इन्व्हर्टरची बॅटरी दोन्ही हातांनी सांभाळत आत आले आणि हुश्श करून त्यांनी ती धाडकन काउंटरवर टेकवली.

"काका!" रुपालीने झडप घालून चालू डिस्क उचलली. "खाली ठेवा न ते! हे चालू हाये!"

काउंटरला लोखंडी पट्टी होती. ती वाजली, ठण्ण. दणका अश्वजितच्या कोपरातून थेट दातांपर्यंत गेला. आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा निघाला. या हंगामात त्याने तो दोनदा ऐकला होता, दाराबाहेर उभा राहून, आतून.

नारळ.

तो तिथल्या स्टुलावर मटकन बसला. रुपालीने पाण्याची बाटली पुढे केली. तो अर्धी प्यायला, उरलेली शर्टावर सांडली. पहिली डिस्क, नारळ, घरघर. दुसरी डिस्क, नारळ, घरघर. मुद्दाम कोणीच काही केलं नव्हतं. चोरच नव्हता. हे कळल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं. अश्वजितची मात्र पाचावर धारण बसली. चोर असता तर त्याचं नाव तरी घेता आलं असतं.

"समजा," तो दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसा म्हणाला, "तिथी कोनी काही आपटत असन. मंग काय करा लागते?"

"आपटनाऱ्याले सांगा न, का आपटू नको म्हनून. एका वाक्याचं तं काम हाये."

एका वाक्याचं काम! अश्वजितने ते वाक्य मनातल्या मनात बोलून पाहिलं. भाऊ, नारळ बाहेर फोडा. भाऊ, पूजेच्या वेळी मशीन बंद ठेवा. भाऊ, तुमच्या पूजेमुळे… इथपर्यंत आला की वाक्य पुढे जायचं नाही. पूजेला बाहेर उभा राहणारा माणूस सांगणार, की तुमच्या पूजेनेच मशीन मेलं. भाऊ एकवेळ ऐकूनही घेतील. पण हमाल ऐकतील, गाडीवाले ऐकतील, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते वाक्य पोचेपर्यंत त्याचं काय होईल? 'अश्वजित म्हनते, पूजा बंद करा.' मग त्यात डिस्कही नसेल आणि नारळही नसेल. उरेल फक्त अश्वजित, त्याचं आडनाव आणि त्याची वस्ती. घरी बायको सुवर्णा होती, शाळेत जाणारी लेक निशिगंधा होती. नाही, ते वाक्य आपल्याच्याने होणार नाही.

"आतमधी काही फिरतच नाई, अशी डिस्क नसते का?" त्याने विचारलं.

रुपालीने कपाटातून एक चपटी डबी काढली. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. "हे एसएसडी. हिच्यात ना चकती, ना सुई. हिच्यावर तुमी पोळ्याचा बैल नाचवला तरी काही होत नाई."

"हेच द्या."

"थांबा दादा. तुमचे चार कॅमेरे हायेत म्हनता. तेवढ्याच पैशात हे लयच लहान येते. सगळ्या हंगामाचं रेकॉर्डिंग सोडा, आठ दिवसांचं मुश्किलीनं राहीन. अन् हे कधी गेलीच, तं घरघर बी करत नाई. न सांगता जाते. माह्यं म्हनाल तं साधीच मोठी घ्या, एक कॉपी बाजूले ठेवा, अन् तेवढं आपटू नका म्हना."

कॉपी बाजूला ठेवायची तर पेनड्राइव्ह हवा, आणि रेकॉर्ड खोलीबाहेर गेलं की भाऊ त्याला चोरीच म्हणत. राहिलं ते वाक्य. रुपालीचा सल्ला शंभर टक्के खरा होता, पण तिला भाऊंसमोर उभं राहायचं नव्हतं. अश्वजितने चपटी डबी घेतली. या सगळ्यात गोपालचं नाव त्याच्या मनात एकदाही आलं नाही. तो स्वतःला वाचवत होता, आणि त्यातच त्याचा सगळा जीव गुंतला होता.

जिनिंगवर परतल्यावर भाऊंनी डबी तळहातावर घेतली. ज्या माणसाचा जन्म वजनं करण्यात गेला, त्याच्या हातावर ती ठेवायला नको होती, हे अश्वजितच्या उशिरा लक्षात आलं.

"याले तं वजनच नाई," भाऊ म्हणाले. त्यांनी ती वरखाली केली, कानाशी नेऊन हलवली. "आतमधी हाये ना काही?"

"हाये न भाऊ. आता अशाच येऊन राह्यल्या. फास्ट असते."

"मी मोठी सांगतली होती. कॅमेरे किती दिवसांचे राहतीन?"

"आठेक दिवसांचे."

भाऊंनी डबी टेबलावर ठेवली. अश्वजितला वाटलं, झालं, इथेच संपलं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग कमी करणारी डिस्क आणणारा माणूस भाऊंच्या डोळ्यांत कसा दिसत असेल, हे त्याला स्वतःलाच दिसायला लागलं. तो म्हणाला, "तुमीच म्हनले होते भाऊ, का तूच निवड."

"हाव," भाऊ म्हणाले. "म्हनलो होतो. आता जे होईन ते तुह्यावर."

डिस्क बसली, कॉम्प्युटर सुरू झाला. स्टँडवर हळदकुंकू लागलं, उदबत्ती लागली. सवयीप्रमाणे अश्वजित दाराकडे वळला, तशी मागून हाक आली.

"आज आतच राय."

तो आत राहिला. हात जोडले नाहीत, तसेच बाजूला सोडून उभा राहिला, आणि भाऊंनी हातांकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. भाऊंनी नारळ उचलला आणि स्टँडच्या कडेवर हाणला. ठण्ण. नारळ फुटला नाही. पडद्यावरचं चित्र थरथरलं. दुसऱ्यांदा हाणला, तरी नाही. ही डबी धक्क्याने मरत नाही, असं रुपाली म्हणाली होती. पण रुपालीने हा दणका कुठे पाहिला होता? आणि आता मेली तर भाऊ म्हणतील, याला आत उभं केलं म्हणून. तिसऱ्या दणक्याला नारळाची दोन शकलं झाली, पाणी उडालं, भाऊंनी उपरण्याने स्टँड पुसला. पडदा चालूच होता.

पुढचे दिवस अश्वजितने जीव मुठीत धरून काढले. गाडी काट्यावरून उतरली की तो डब्याला कान लावायचा. आतून काहीच आवाज यायचा नाही, आणि त्याचीच त्याला धास्ती वाटायची. न सांगता जाते, असं ती म्हणाली होती. सकाळी खोली उघडून बटण दाबायचं आणि पडदा उजळेपर्यंत श्वास रोखून धरायचा. घरी जेवताना त्याचं लक्ष नसायचं. "जेवताना तरी कान टवकारून बसू नका," सुवर्णा म्हणायची. त्याने तिलाही काही सांगितलं नाही.

पण डिस्क चालली. आठवडा गेला, दुसरा गेला. काट्यावर गाड्यांची रांग लागली, वजनं मशीनमध्ये जात राहिली आणि तिथेच राहिली. भाऊ दोनदा खोलीत येऊन पावत्या आणि पडदा ताडून गेले, दोन्ही वेळा जुळलं. जाताना त्यांनी अश्वजितच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी तो पोटभर जेवला, निशिगंधाला चिडवलंसुद्धा.

मग एकदा टपरीवर चहा पिताना एका गाडीवाल्याने विचारलं, "काय हो, मशीन सुधरली म्हनते तुमची?"

"सुधरनारच," टपरीवाला परस्पर म्हणाला. "गोपाल गेला अन् मशीन सुधरली. भाऊच सांगत होते काल. आता तं इचारायचं कामच नाई, का कोनाचे उद्योग होते."

दोघांनी अश्वजितकडे पाहिलं, आणि अश्वजितने मान हलवली. अगदी थोडी, पण होकाराचीच. पेला अर्धाच ठेवून तो खोलीत येऊन बसला, आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आपण बाजारातून काय निवडून आणलं होतं.

दुपारी फोन वाजला. गोपालचाच होता. त्याच्याशी बोलून बरेच दिवस झाले होते.

"काय म्हनते बे मशीन?" गोपालने उगाच हसत विचारलं. "लागली का घरघर?"

"नाई, दादा."

"थोडी बी नाई?"

"नाई. चालू हाये."

"वंदना रोज इचारते," गोपाल म्हणाला. ती त्याची बायको. "ती म्हने, तुमी तं आता तिथी नाई. आता जर हे बी बंद पडली, तं तुमचं नाव आपोआप सुटते. म्या बी तेच धरून बसलो होतो, पाह्य. लय वाईट वाटते असं म्हनाले, पन रोज वाट पाहत होतो का आज बंद पडन, उद्या पडन." तो पुन्हा हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. "चांगलं झालं बाप्पा. तुही तं नोकरी राह्यली. जाऊ दे. मलेच आता वाटून राह्यलं, का माह्याच हातानं काही झालं असन म्हनून. सिनेमे पाहत होतो न."

"दादा, तसं नाई…"

"जाऊ दे म्हनलं न," गोपाल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाहेर काट्यावर एक ट्रॅक्टर चढला, चालकाने हॉर्न दिला, पुन्हा दिला. अश्वजितने त्याला हाताने थांबायची खूण केली आणि तो उठला. मधलं अंगण ओलांडून तो भाऊंच्या खोलीकडे निघाला. बाजारात ज्याला टाळलं होतं ते वाक्य तसंच्या तसं, तेवढंच जड, त्याच्या तोंडात होतं.

भाऊ आपल्या खोलीत बशीतून चहा पीत होते. समोर कापसाचे दोन व्यापारी बसले होते. अश्वजितचं तोंड पाहून भाऊंनी बशी खाली ठेवली.

"बंद पडली?"

"नाई भाऊ. हे चालूच हाये." त्याने दाराची चौकट धरली. "पहिल्या दोन गेल्या न, त्या गोपालनं नाई घालवल्या. त्यानं काहीच केलं नाई. त्या नारळानं गेल्या."

व्यापारी एकमेकांकडे पाहायला लागले. भाऊंनी खुर्ची मागे सरकवली.

"कोनच्या नारळानं?"

"तुमच्या हातच्या, भाऊ."